बस्त्याला इंदूताई

कापडाच्या दुकानात शिरलं की माझा उजवा हात माझं ऐकत नाही. दुकानदार रंग दाखवत असतो, ‘मॅडम, हे सध्या फार चालतंय’ म्हणत असतो, आणि तोवर माझी दोन बोटं कापडाच्या टोकाशी जाऊन पोचलेली असतात. माझ्या मुलीला याची लाज वाटते. तिचं सगळं मोबाइलवर चालतं. चित्र बघायचं, मागवायचं, नाही आवडलं तर परत पाठवायचं. ‘आई, तू कापड बघतेस का त्याची नाडी बघतेस?’ असं ती परवा जालन्यात भर दुकानात म्हणाली आणि गादीवर बसलेले सगळे हसले. मीही हसले. पण ही खोड मूळची माझी नव्हे, इंदूताईंची. त्या गेल्याचं गेल्या वर्षी कळलं, तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं.

मी बदनापूरच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला लागले, तेव्हा इंदूताई तिथं आवक-जावकचं टेबल सांभाळत. आम्ही दोघी राहायला जालन्यात. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. पहिल्याच दिवशी त्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या, माझ्या ओढणीचं टोक उचललं, दोन बोटांत चोळलं आणि विचारलं,

‘कुठून घेतली?’

मी दुकान सांगितलं.

‘फसवलं तुला. कॉटन म्हणून दिली असंल त्यानं. अर्धी पॉलिस्टर हाये. शनिवारी माझ्या संग चल.’

माझं नाव त्यांनी बदनापूर यायच्या जरा आधी विचारलं.

दिसायला त्या काही देखण्या नव्हत्या. सावळ्या, ठेंगण्या, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. पण सोमवारी सकाळी त्या कचेरीत शिरल्या की लेखा शाखेतली माणसं मान वर करून बघत, आणि ही माणसं एरवी साहेब आले तरी मान वर करत नसत. उन्हाळ्यात कडक खळ केलेल्या सुती साड्या, हिवाळ्यात इरकल आणि त्यावर खणाचं ब्लाउज. मार्च लागला की पॉलिस्टर त्यांच्या लेखी बंद. बाकीच्या आम्ही घामानं चिकचिकून पंख्याखाली जागा शोधत असू आणि ताई दुपारी चारलाही सकाळच्याच घडीत बसलेल्या असत. साडी महागाची असायचीच असं नाही, पण तिच्या काठाचा धागा ब्लाउजच्या बाहीशी जुळलेला असे. परकर, अस्तर, फॉल, सगळं साडी पिशवीत घालून नेऊन उजेडात ताडून आणलेलं. ‘अंदाजानं आणलं’ असं कुणी म्हणालं की त्यांना ते सहन होत नसे. ‘अंदाजानं भाजीत मीठ टाकतेत, अस्तर न्हाई आणत,’ म्हणायच्या.

हे वेड आलं कुठून, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. माहेर हसनाबादचं, घर शेतकऱ्याचं. कापूस वेचून आला की घरातल्या दोन खोल्या आढ्यापर्यंत भरायच्या. ‘घरात कापसाचे ढीग अन् अंगावर अक्काचं उतरलेलं. पहिला नवा परकर मला आठवीत भेटला. मी तो रात्री उशाला घेऊन झोपले, घातला न्हाई.’ एवढं बोलून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘हिरवा व्हता.’

शनिवारी त्यांच्यासोबत दुकानात जाणं म्हणजे शिक्षण होतं आणि शिक्षाही होती. त्यांचा नियम एकच. ‘आधी हात लाव, मंग तोंड उघड.’ आवडलं म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, नुसतं चोळायचं. कोपरा मुठीत घट्ट चुरगाळायचा, सोडायचा आणि वळ्या कशा पडतात ते बघायचं. एक धागा ओढून तो कसा तुटतो ते बघायचं. दुकानातले जुने विक्रेते लतीफचाचा त्यांना लांबून येताना बघूनच वरच्या फळीवरचे चांगले ताके काढायला लागत. खालच्या फळीवरचं दाखवून उपयोग नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘ताई आल्या, आता खोटं बोलायचं बंद,’ असं ते पोरांना सांगत, आणि ताई गंभीर चेहऱ्यानं ‘बराबर हाये’ म्हणत.

त्यांचे मिस्टर शाळामास्तर होते. सगळे त्यांना सर म्हणत. सरांना कपड्यांतलं ओ की ठो कळत नसे, पण रविवारी संध्याकाळी बायकोच्या आठवड्याच्या साड्यांना इस्त्री करायला तेच बसत. ‘आमचं कपाट मोठं अन् घर त्याच्या आत हाये,’ असं ते आल्यागेल्याला सांगत. ताई नवी साडी नेसून समोर आल्या की ते पेपर खाली करून नीट बघत आणि ‘मस्त’ म्हणत. दर वेळी हा एकच शब्द. ताई वैतागून म्हणत, ‘दुसरं काई येतंच न्हाई ह्यांना.’ पण तो शब्द ऐकल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत.

ताईंचं कधी चुकलं नाही असं मात्र नाही. एका वर्षी कचेरीतल्या चैत्राच्या हळदीकुंकवाला आम्ही सगळ्या बायकांनी एकसारख्या साड्या नेसायचं ठरलं, आणि निवड अर्थातच ताईंची. त्यांनी राणी रंगाची सुती साडी काढली. रंग असा की बघत राहावं. पण त्या दिवशी ऊन फार होतं आणि वीज गेली. तासाभरात आम्हा सगळ्यांच्या मानेवर, दंडावर, पोटावर राणी रंग उतरला. साहेबांची पांढऱ्या कव्हरची खुर्ची पाहुण्यांसाठी बाहेर मांडली होती, तिच्यावर तर रंगपंचमीच झाली. आम्ही हसून हसून बेजार. ताई मात्र हसल्या नाहीत. दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडीत माझ्याशेजारी बसून एवढंच म्हणाल्या, ‘रंग बघून भुलले मी. काठ भिजवून बघायचा राह्यला.’ चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायची त्यांना सवय नव्हती. पुढं जे झालं ते याच स्वभावामुळे झालं, असं मला वाटतं.

आमच्याकडे लग्नाचा बस्ता म्हणजे लग्नाइतकंच मोठं काम. दोन्हीकडची माणसं जीप भरून जालन्याच्या दुकानात येतात, चपला काढून गादीवर बसतात आणि नवरीच्या शालूपासून कुणाकुणाच्या मानाच्या साड्या, टोपी-टॉवेलांपर्यंत सगळं एका बैठकीत काढतात. त्या बैठकीत जुळलेली लग्नं मोडू शकतात. मामीची साडी मावशीपेक्षा हलकी निघाली की पुरे. म्हणून बस्त्याला इंदूताई हव्यात, असं आमच्या ओळखीपाळखीत ठरूनच गेलं होतं. नातं असो नसो, त्यांना निरोप यायचा. शालूची पहिली घडी सवाष्णीनं उलगडायची अशी रीत, आणि तो मान न विचारता त्यांच्याकडे जायचा.

आमच्या कचेरीतले शिपाई गणपतराव मंठ्याचे. त्यांच्या मुलीच्या बस्त्याला ताईंनी मलाही नेलं. तिथं नवऱ्या मुलाची आई रुसली. तिच्या जावेची साडी जड आणि तिची हलकी, असं तिचं म्हणणं. ताईंनी काही समजूत घातली नाही. जड साडीचा पदर उचलून विहीणबाईंच्या खांद्यावर टाकला आणि त्यांना आरशासमोर उभं केलं. मग तो काढून हलक्या साडीचा टाकला.

‘आता तुम्हीच सांगा. त्या साडीत साडी दिसून राह्यली, ह्या साडीत तुम्ही.’

विहीणबाईंनी आरशात दोनदा वळून बघितलं आणि ‘हीच राहू द्या’ म्हणाल्या. गणपतरावांचा जीव भांड्यात पडला.

त्याच बैठकीतली दुसरी गोष्ट माझ्याशिवाय कुणी बघितली नसेल. नवरीची चुलती, वयस्क बाई, बरीच वर्षं झाली होती नवरा जाऊन. पोरीला तिनंच लहानाची मोठी केली होती. सगळे तिला काकू म्हणत. लतीफचाचांनी शालू मांडला तसा काकूंनी हौसेनं हात पुढं केला. ताई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, ‘काकू, तुम्ही जरा टोपी-टॉवेलाचं बघता का? गड्यांना कायबी चालतं म्हणून हलकं लावतेत हे लोक.’ काकूंनी हात मागं घेतला, उठल्या आणि दुकानाच्या त्या टोकाला जाऊन टॉवेल बघत बसल्या. ताईंनी शालूची घडी उलगडली. सगळं इतकं सहज झालं की मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढं दोनेक वर्षांनी सर गेले. शाळेतून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. ताई महिन्यानं कामावर आल्या, त्या राखाडी, बिनकाठाची साडी नेसून. दुसऱ्या दिवशी तसलीच. तिसऱ्या दिवशीही. सासू कधीच वारलेली, मुलगा पुण्याला आणि तोच फोनवर ‘आई, पहिल्यासारखी राहा’ म्हणत होता. म्हणजे जबरदस्ती कुणाचीच नव्हती. खरं सांगते, मला त्यांचा रागच आला. एक दिवस गाडीत मी विचारलं.

‘ताई, हे असलं नेसायला तुम्हाला सांगितलं कुणी?’

‘कुणी न्हाई.’

‘मग?’

गाडी सुटली तेव्हा म्हणाल्या, ‘मंठ्याच्या काकू आठवतेत तुला? त्यायला मी उठवलं व्हतं. तोंडानं न्हाई, टॉवेलाच्या निमित्तानं. त्या बिचाऱ्या काई न बोलता गेल्त्या. आता माझ्यावर येळ आली तर मी येगळी वागू? मंग त्यायला उठवलं ते काय म्हणून उठवलं?’

बस्त्याचे निरोप अजून येत होते, कमी झाले तरी येत होते. ताई प्रत्येकाला काहीतरी कारण सांगून टाळत. शनिवारी दुकानात जाणं थांबलं. कपाट उघडून बघता का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘बघून कुणाला दाखवू?’ मला सरांचा तो एक शब्द आठवला आणि मी विषय बदलला.

अशात त्यांच्या भावाच्या मुलीचं, वैशूचं लग्न ठरलं. वैशू कॉलेजसाठी तीन वर्षं ताईंकडे जालन्यात राहिलेली. ताईंच्या साड्या नेसून मोठी झालेली. तिच्या शालूबद्दल आत्या-भाचीचं बोलणं ती अकरावीत असल्यापासून चाललेलं होतं. रंग ठरायचा, मोडायचा, पुन्हा ठरायचा. आता वेळ आली तर ताईंनी हसनाबादला निरोप धाडला की माझी वाट बघू नका, बस्ता उरकून घ्या.

वैशू दुसऱ्या दिवशी थेट कचेरीत आली. आवक-जावकच्या टेबलासमोर उभी राहिली.

‘आत्या, तू का येऊन नाही राह्यली?’

‘काम हाये मला.’

‘खोटं बोलू नको.’

‘पोरी, तुझं सोन्यासारखं व्हायलंय. माझ्या हाताचं नको. उद्या काई कमीजास्त झालं तर मी तोंड कुठं लपवू?’

‘मंग मी बस्ताच न्हाई बांधत. कॉलेजातल्या ड्रेसवर उभी राहते.’

‘राहा,’ ताई म्हणाल्या आणि टपालावर शिक्के मारायला लागल्या. वैशू रडत गेली. ताईंनी त्या दिवशी एकाच पाकिटावर तीन शिक्के मारले.

बस्त्याच्या दिवशी त्या मुद्दाम कामावर आल्या. दुपारच्या आत कचेरीच्या दारात एक जीप थांबली. आधी वैशू उतरली, मग ताईंचा भाऊ, आणि त्यांच्या मागून एक उंच, रांगडी बाई. ती नवऱ्या मुलाची आई. ती सरळ आत आली आणि ताईंच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

‘तुमीच इंदूताई?’

‘व्हय.’

‘चला मंग. जीप उभी हाये.’

‘विहीणबाई, तुम्हाला सांगितलं न्हाई का कुणी? मला रीतीनं...’

‘समदं सांगितलं,’ ती म्हणाली. ‘माझ्या थोरलीच्या बस्त्याला आम्ही आमच्याच अकलेनं गेल्तो. दोन महिन्यांत शालूची जर काळी पडली. पोरगी अजून बोलून दाखवती. मला कपड्यातलं कळत न्हाई, ह्या तुमच्या भावाला त्याहून कळत न्हाई. रीत मी बघते काय करायची ती. तुम्ही कापड बघा.’

सुधारणेचं, समतेचं असलं काही ती बोलली नाही. तसं बोलली असती तर ताई हलल्या नसत्या, अशी माझी खात्री आहे. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘तू चल संग.’ मी साहेबांकडे रजेचा अर्ज टाकला आणि जीपमध्ये चढले.

दुकानात शिरल्यावर सगळे गादीकडे गेले आणि ताई गेल्या टोपी-टॉवेलाकडे. एकट्याच. तिथल्या स्टुलावर बसून टॉवेल उलगडायला लागल्या. वैशूच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊ खाली मान घालून चपला सरळ करत राहिला.

लतीफचाचा म्हातारे झाले होते. सर गेल्याचं त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. त्यांनी फळीवरून एक शालू काढला, गादीवर मांडलाच नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तो दोन्ही हातांवर घेऊन दुकान ओलांडून ताईंपाशी गेले आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. ‘बघा ताई. बिलकुल पक्का माल.’

ताईंचे हात टॉवेलावर होते. सगळं दुकान बघत होतं. मग त्यांचा अंगठा हळूच शालूच्या काठावर गेला. त्यांनी घडी उलगडली, कोपरा मुठीत चुरगाळला, सोडला, उलटी बाजू बघितली.

‘चाचा,’ त्या म्हणाल्या, ‘ह्याला पक्का माल म्हणता? वरच्या फळीवरचं काढा. माझ्या पोरीचं लग्न हाये.’

विहीणबाई मोठ्यानं हसली. वैशू उठून आत्याला बिलगली. ताई तिला म्हणाल्या, ‘बाजूला हो, जल्दी कर, उजेड जाईल,’ आणि गादीवर येऊन मधोमध बसल्या. शेवटी आत्याच्या मानाच्या साडीची पाळी आली, तेव्हा भावानं दबक्या आवाजात चाचांना फिकी साडी काढायला सांगितली. ताईंनी ती हातात घेऊन चोळली. ‘कापड चांगलंय दादा. ह्याचा तू कुर्ता शिव. चाचा, मला ती वांगी रंगाची दाखवा.’ सरांच्या माघारी मी त्यांना इतकं मोकळं हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

वर्षभरानं त्या निवृत्त झाल्या. मुलाकडे पुण्याला कायमचं जायचं ठरलं, सामानही बांधून झालं. त्याच आठवड्यात मी मुलीच्या फ्रॉकचं कापड घ्यायला दुकानात गेले, तर ताई गादीवर बसलेल्या. अंगावर ती वांगी साडी. आणि शेजारी मंठ्याच्या काकू. खूप थकलेल्या, पाठीत वाकलेल्या. गणपतरावांच्या घरी जाऊन ताईंनी त्यांना जीपनं आणलं होतं, हे मला चाचांनी कानात सांगितलं. मी खांबाशी उभी राहून बघत राहिले. पुढं जावंसं वाटलं नाही.

समोर साड्यांचा ढीग पडला होता. ताई आपल्या दोन्ही हातांच्या घट्ट मुठी करून मांडीवर ठेवून बसल्या होत्या. काकू एकेका साडीला हात लावत होत्या, पुन्हा मागच्या साडीकडे जात होत्या. बऱ्याच वेळानं काकूंनी एक साडी ओढून घेतली. पोपटी, भडक, काठाला स्वस्तातली पिवळी जर. ती साडी कशी निघणार हे लांबून मलाही दिसत होतं. एका धुण्यात रंग जाणार होता, दुसऱ्यात जर काळी पडणार होती. काकूंनी ती छातीशी धरली आणि विचारलं,

‘कशी हाये, इंदू?’

ताईंनी त्या साडीला हात लावला नाही.

‘मस्त,’ त्या म्हणाल्या.